मोटारीचा ताप कोण मोजतो?

चाळीसगांवाहून देवगाव रंगारीस परततांना कन्नडच्या अलीकडे औट्रम घाट चढावा लागतो. ऐन उन्हाळ्यांत तेथें बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असलेली गाडी पुष्कळांनीं पाहिली असेल. जीप किंवा थार यांसारखी चारही चाकांस गति देणारी गाडी खालच्या गियरमध्यें चढण चढते, तेव्हां इंजिनास श्रम फार पडतात. वेग मंद असल्यामुळें रेडिएटरवर येणारा वारा मात्र थोडा. अशा वेळीं इंजिनाचा ताप चालकास कसा कळतो?

इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत एक बोटभर लांबीचा सेन्सर बसविलेला असतो. त्याच्या पोटांत धातूंच्या ऑक्साइडांचा लहानसा मणी असतो. तांब्याची तार तापली म्हणजे तिचा विजेस होणारा विरोध वाढतो. ह्या मण्याचा प्रकार उलट आहे. 20 अंश सेल्सिअसला त्याचा विरोध सामान्यतः दोन-तीन हजार ओहम असतो, तो 80 अंशांस सुमारें 300 ओहमवर येतो. गाडींतील संगणक एका ठराविक रोधांतून त्यास 5 व्होल्टचा दाब देतो व मण्यावर किती व्होल्ट उरले तें पाहतो. व्होल्ट जितके कमी, तितका ताप अधिक. त्याप्रमाणें तो पंखा सुरू करितो आणि कांटा वर चढवितो.

पदार्थाचा हा उलटा गुण 1833 सालीं मायकेल फॅरडे ह्यांनीं सिल्व्हर सल्फाइडांत प्रथम पाहिला. हे लोहाराचे पुत्र. बालपणीं पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवार होते, आणि अखेरपर्यंत भाविक ख्रिस्ती राहिले.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा सेन्सर सांगतो तो पाण्याचा ताप. नळी फुटून पाणी वाहून गेलें, तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजून निघत असतांही कांटा खालींच राहूं शकतो. म्हणून घाटास लागण्यापूर्वीं पाण्याची पातळी डोळ्यांनीं पाहावी. कांटा चढला तर गाडी थांबवावी, पण रेडिएटरचें झाकण लगेच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें 100 अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाहीं. झाकण निघतांच दाब सुटतो, आणि तें एकदम उकळून हातातोंडावर उसळतें.

विद्यार्थ्यांनो, एवढें तरी घरीं वडील मंडळींस अवश्य सांगा. इशारा देण्याचें काम यंत्र करील. तो वेळींच मानण्याचें काम मनुष्याचें आहे.