ज्वर गेला, बल आले का? : मोनोन्यूक्लिओसिस अर्थात ग्रंथिज्वर

पावसाळा सरता सरता आपल्या जालना जिल्ह्यातील चिकित्सालयांत ज्वराच्या रुग्णांची गर्दी वाढते. डेंग्यू, मलेरिया, विषमज्वर आणि साधा घसादाह यांचा विचार वैद्याच्या मनात आपोआप येतो. या गर्दीत पंधरा ते पंचवीस वयाचा एखादा तरुण असा असतो की, घसा पिकलेला आहे, मानेच्या ग्रंथी सुजल्या आहेत, आठवडा उलटला तरी ज्वर हटत नाही आणि प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. पुढे ज्वर आपोआप उतरतो. थकवा मात्र महिनाभर अंथरूण सोडू देत नाही. अशा रुग्णात ज्या व्याधीचा विचार अवश्य व्हावा आणि सहसा होत नाही, त्या मोनोन्यूक्लिओसिसचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

व्याधीचा परिचय

रशियातील फिलातोव्ह यांनी १८८५ मध्ये व जर्मनीतील एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये या व्याधीचे वर्णन केले. फायफर यांनी त्याला ‘ग्रंथिज्वर’ अशाच अर्थाचे नाव दिले. रक्तातील एककेंद्रकी पेशींच्या वाढीवरून स्प्रंट व इव्हान्स यांनी १९२० मध्ये ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव रूढ केले. १९६४ मध्ये एपस्टाइन, आचाँग व बार यांना युगांडातून आलेल्या एका अर्बुदाच्या पेशींत नवा विषाणू आढळला. हाच विषाणू ग्रंथिज्वराचे कारण असल्याचे १९६८ मध्ये फिलाडेल्फियातील हेन्ले दाम्पत्याने दाखवले. त्यांच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ महिलेला हा आजार झाला आणि तिच्या रक्तात पूर्वी नसलेली प्रतिद्रव्ये आजारानंतर आढळली, हा त्या शोधाचा दुवा ठरला.

एपस्टाइन-बार विषाणू मुख्यत्वे लाळेतून पसरतो. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आजन्म सुप्त असतो. आपल्याकडे बहुतेकांना त्याचा संसर्ग बालपणीच, घरातल्या उष्ट्या-खरकट्यातून होतो आणि तो किरकोळ ज्वरासारखा किंवा लक्षणांविना निघून जातो. बालपणी ज्याला संसर्ग झाला नाही, त्याला तो तारुण्यात झाला तर मात्र व्याधी पूर्ण स्वरूपात प्रकटतो. वसतिगृहे, शिकवणी वर्गांच्या खोल्या, भरतीपूर्व प्रशिक्षणाची शिबिरे आणि एकाच बाटलीने पाणी पिणारे मित्र हे त्याचे नेहमीचे क्षेत्र होय. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे ‘कोणाकडून आला’ हा शोध बहुधा निष्फळ ठरतो.

शास्त्राच्या दृष्टीने

या व्याधीस संहितांमध्ये स्वतंत्र नाव नाही. त्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात, म्हणून नाव सांगता आले नाही तरी वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनीच त्रिशोथीय अध्यायात म्हटले आहे. दोष, अधिष्ठान व हेतू पाहून चिकित्सा करावी, हा त्याचा आशय. सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानाच्या शेवटी औपसर्गिक रोगांत ज्वराची गणना केली असून संक्रमणाच्या कारणांत सहभोजन, निःश्वास व गात्रस्पर्श सांगितले आहेत. आमच्या मते, हा व्याधी प्रथम आमयुक्त ज्वर म्हणून व पुढे जीर्णज्वर म्हणून हाताळणे व्यवहारात उपयुक्त ठरते. एखाद्या प्राचीन रोगाशी त्याचे ओढूनताणून तादात्म्य जोडण्याची गरज नाही.

लक्षणे व निदान

ज्वर, पांढुरक्या थराने झाकलेले टॉन्सिल्स आणि मानेच्या विशेषतः मागील बाजूच्या ग्रंथींची सूज ही प्रमुख त्रयी आहे. टाळूवर बारीक लाल ठिपके आणि वरच्या पापण्यांवर सूज दिसू शकते. सुमारे निम्म्या रुग्णांत प्लीहा वाढते. यकृताची एन्झाइम्स बहुतेकांत वाढतात. कामला मात्र थोड्यांनाच होते. ज्वर साधारण एक ते दोन आठवडे, क्वचित अधिक काळ राहतो.

रक्ततपासणीत लिम्फोसाइट्स निम्म्याहून अधिक व त्यांत अनियमित आकाराच्या पेशी दहा टक्क्यांहून अधिक असतील, तर संशय बळावतो. यंत्राच्या अहवालावर न थांबता पॅथॉलॉजिस्टकडून स्मिअर पाहून घ्यावा. मोनोस्पॉट ही तपासणी पहिल्या आठवड्यात चारांपैकी एका रुग्णात खोटी नकारात्मक येऊ शकते आणि लहान मुलांत ती फारशी भरवशाची नाही. शंका उरल्यास विषाणूच्या कॅप्सिड प्रतिजनाविरुद्धच्या आयजीएम प्रतिद्रव्याची तपासणी करावी.

केवळ विडाल चाचणी सकारात्मक आली म्हणून विषमज्वराचे निदान पक्के करू नये. आपल्या भागात पूर्वीच्या संसर्गामुळेही ती सकारात्मक येते. डेंग्यूतही लिम्फोसाइट्स वाढतात व प्लेटलेट्स घटतात, म्हणून ऋतूनुसार त्याची तपासणी आधी व्हावी. घशातील पडदा राखाडी, घट्ट चिकटलेला व काढताना रक्त येणारा असेल, तर घटसर्प समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पांडुता, रक्तस्राव, वजन घटणे, गळपट्टीच्या हाडावरील कठीण ग्रंथी किंवा तीन आठवड्यांहून अधिक ज्वर ही लक्षणे असतील, तर रक्ताचा कर्करोग व क्षय यांचा विचार झालाच पाहिजे.

ॲम्पिसिलिनचा प्रश्न

घसा पिकलेला पाहून ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दिले जाते. मोनोन्यूक्लिओसिसच्या रुग्णात या औषधांनी अंगभर लाल पुरळ उठतो. जुन्या अहवालांत हे प्रमाण ऐंशी ते नव्वद टक्क्यांपर्यंत नोंदले आहे. अलीकडील अभ्यासांत ते सुमारे एक तृतीयांश आढळते. हा पुरळ बहुधा खरी ॲलर्जी नसतो. पण रुग्णाच्या कागदावर ‘पेनिसिलिन चालत नाही’ अशी नोंद होते आणि पुढे आयुष्यभर एक उपयुक्त औषध त्याच्या वाट्यास येत नाही. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. ॲसायक्लोव्हिरनेही आजाराचा कालावधी घटल्याचे दिसत नाही. स्टेरॉइड केवळ श्वासमार्ग अवरुद्ध होण्यासारख्या गंभीर उपद्रवात, रुग्णालयात द्यावयाचे औषध आहे.

चिकित्सा

आमावस्थेत उष्णोदक, षडंगपानीय, मंड, पेया व मुगाचे कढण हा क्रम उत्तम होय. घशाच्या वेदनेस कोमट मिठाच्या पाण्याच्या किंवा यष्टीमधूच्या काढ्याच्या गुळण्या द्याव्यात. गिळता येत नसल्याने पाणी कमी पडते; मूत्राचे प्रमाण विचारत राहावे. ज्वर व वेदना फार असल्यास योग्य मात्रेत पॅरासिटामॉल देण्यास हरकत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

यकृत आधीच दाहयुक्त आहे, हे औषध योजताना विसरू नये. एकाच वेळी अनेक काढे, रसकल्प व बाजारातील तयार मिश्रणे देण्याचा मोह टाळावा. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, गुळवेलसारख्या दिसणाऱ्या अन्य वनस्पतीची गफलत झाली असण्याची शक्यता मांडली. वाद काहीही असो, आपल्यासाठी बोध एकच आहे: द्रव्याची ओळख निश्चित असावी, यकृताच्या तपासण्या पाहिल्याशिवाय दीर्घकाळ औषध चालवू नये आणि कामला दिसताच सर्व अनावश्यक औषधे थांबवावीत.

प्लीहेचे रक्षण

या व्याधीतील दुर्मीळ परंतु प्राणघातक उपद्रव म्हणजे प्लीहा फुटणे. हे दर हजारी एक ते पाच रुग्णांत घडते; बहुतेक प्रसंग पहिल्या तीन-चार आठवड्यांतील असतात आणि त्यांपैकी कित्येक आघाताविना घडतात. म्हणजे ज्वर उतरून रुग्णाला ‘बरे’ वाटू लागते, तोच काळ धोक्याचा.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. कुस्ती व कबड्डीचे वेड गावोगाव आहे. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा व गोळाफेकीचा सराव करणारे तरुण पहाटे प्रत्येक रस्त्यावर दिसतात. ज्वर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी असा तरुण मैदानावर जातो. त्यास स्पष्ट शब्दांत सांगावे की, आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे कोणताही व्यायाम नाही. कुस्ती, कबड्डी, वजन उचलणे व पोत्यांची हमाली किमान चार आठवडे नाही, आणि त्यानंतरही प्लीहा वाढलेली नाही याची खात्री झाल्यावरच. या काळात वमन, पोटावरील मर्दन, उद्वर्तन, कपालभाती, नौली व मयूरासन वर्ज्य समजावे. मलावरोध होऊ देऊ नये. आपणही तपासताना प्लीहा हलक्या हातानेच व एकदाच चाचपावी.

संहितेत याला आधार आहे. प्लीहोदराच्या हेतूंत चरकाचार्यांनी भोजनोत्तर अतिसंक्षोभ, वाहनाचे हादरे, अतिश्रम, भार वाहणे, वमन आणि व्याधीने आलेली कृशता सांगितली आहे. ज्वरचिकित्सेत तर ज्वरमुक्त रुग्णाने बल येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान व भटकंती टाळावी, अन्यथा ज्वर परततो, असा स्पष्ट आदेश आहे. ज्वरमुक्ती व बलप्राप्ती या दोन भिन्न घटना आहेत, हे तत्त्व या व्याधीत पदोपदी पटते.

डाव्या बरगडीखाली अचानक वेदना, डाव्या खांद्यात कळ, घेरी, श्वास घेताना घरघर, लाळही गिळता न येणे, तीव्र डोकेदुखी किंवा भ्रम यांपैकी काहीही आढळल्यास क्षणभरही न थांबता जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात अथवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवावे.

बल परत येताना

बहुसंख्य रुग्ण एक-दोन महिन्यांत पूर्ववत होतात. ऑस्ट्रेलियातील डब्बो या ग्रामीण गावी झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या व अशाच काही संसर्गांनंतर सुमारे १२ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनीही थकवा टिकून होता. म्हणून ‘तपासण्या चांगल्या आहेत, हे मनाचे खेळ’ असे म्हणून रुग्णास वाटेला लावू नये. घरच्यांनाही हे समजावावे. परीक्षेच्या वर्षातील मुलाला आळशी ठरवले जाते, तेव्हा वैद्याचा एक शब्द मोलाचा ठरतो. अग्नी प्रदीप्त झाल्यावरच दूध, तूप व रसायन द्यावे. मंदाग्नीवर च्यवनप्राश लादू नये. श्रम हळूहळू वाढवावेत आणि थकवा दुसऱ्या दिवशी वाढल्यास एक पाऊल मागे घ्यावे.

रुग्णास वेगळ्या खोलीत ठेवण्याची आवश्यकता नाही. पेला, बाटली व दात घासण्याचा ब्रश मात्र स्वतंत्र असावा. विषाणू कित्येक महिने लाळेतून येत राहतो.

औषध विक्रेत्यांसाठी

घसा दुखतो म्हणून काउंटरवर ॲमॉक्सिसिलिन मागणाऱ्यास चिठ्ठीशिवाय ते देऊ नये. ते अनुसूची ‘एच’ मधील औषध आहे. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे. ज्वरात डेंग्यूची शक्यता असताना ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे. गुळवेल ओळखीच्या व खात्रीच्या पुरवठादाराकडूनच घ्यावी. आठवड्याहून अधिक काळ ज्वराच्या गोळ्या नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवणे, हीही चिकित्सेतील मोठी मदत आहे.

या व्याधीस विशिष्ट औषध नाही, म्हणून वैद्यास कार्य नाही असे नव्हे. अनावश्यक औषध न देणे, योग्य वेळी पुढे पाठवणे आणि ज्वर गेल्यावरही बल येईपर्यंत रुग्णाचा हात न सोडणे, एवढे आपण केले तरी बहुतेक रुग्ण निर्विघ्न बरे होतील. ज्वरमुक्त रुग्णास तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावण्याची तारीख आपल्या व्यवसायबंधूंनी पहिल्याच चिठ्ठीवर लिहावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.