यंत्र मराठी शिकते आहे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती आणि अम्मीचा फोन वाजला. अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला. मराठी स्वच्छ, कुठे अडखळणे नाही. विम्याच्या कसल्याशा योजनेची माहिती सांगून झाल्यावर आवाजाने विचारले, "ही योजना आपल्याला सुरू करायची आहे का?" अम्मी जन्मापासून सोलापूरची. आमच्या घरात दख्खनी बोलतात. ती म्हणाली, "मेरे कू नक्को." त्यावर पलीकडून उत्तर आले, "धन्यवाद, आपली नोंद झाली आहे," आणि फोन बंद झाला.

ती बाई नव्हती, यंत्र होते. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला तेव्हा आम्हाला हे कळले. नोंद रद्द करून घेण्यात माझे दोन दिवस गेले, कारण तक्रार ऐकून घेणारेही यंत्रच होते. त्या फोनवर यंत्राने नेमके काय ऐकले, ते कळायला मार्ग नाही. पण माझ्या मुलीने घरी एक प्रयोग केला. मोबाइलवर बोलून मराठी लिहिण्याची सोय असते. ती सुरू करून तिने दादीला तोच शब्द पुन्हा म्हणायला लावला. पडद्यावर अक्षरे उमटली, 'नक्की'.

अम्मी 'नको' म्हणाली आणि यंत्राने 'होय, अगदी खात्रीने' असे लिहिले. मी तीस वर्षे मराठीत कविता लिहितो आहे. एका अक्षराने अर्थ फिरतो हे मला नवे नाही. पण हे फिरणे कवितेत वेगळे आणि आईच्या बँक खात्यात वेगळे. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता ही भानगड काय आहे, ती आपली भाषा कशी शिकते आणि कुठे चुकते, हे मी समजून घ्यायचे ठरवले. मी साधा बी. ए. झालेला माणूस. जेवढे समजले तेवढे तुमच्यापुढे ठेवतो.

यंत्राने भाषांतर करावे ही कल्पना जुनीच आहे. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेत जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनीने मिळून साठाहून अधिक रशियन वाक्ये यंत्राकडून इंग्रजीत आणून दाखवली. त्या यंत्राला फक्त २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम ठाऊक होते. आणखी काही वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटेल, असे तेव्हा बोलले गेले. तो काही सुटला नाही. भाषेचे नियम लिहायला बसले की अपवादच जास्त निघतात, हे शाळेत व्याकरण शिकलेल्या कुणालाही माहीत आहे.

पुढे १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी वाट बदलली. नियम शिकवण्याऐवजी त्यांनी यंत्रापुढे भाषांतरांचे ढीग टाकले. कॅनडाच्या संसदेचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापले जाते. ती लाखो वाक्ये शेजारी शेजारी ठेवून, कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द वारंवार येतो, हे यंत्राने मोजले. २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात वाक्यातल्या प्रत्येक शब्दाने बाकीच्या सगळ्या शब्दांकडे लक्ष देत अर्थ लावायचा, अशी नवी रचना मांडली होती. आजची बोलकी यंत्रे याच रचनेवर उभी आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांच्या हाती आले आणि प्रयोगशाळेतली गोष्ट घराघरांत पोहोचली.

हे यंत्र करते तरी काय? मला मुशायऱ्याचे उदाहरण सुचते. शायर गझलेचा शेर म्हणत असतो. पहिली ओळ संपते, दुसरी अर्ध्यावर येते आणि श्रोत्यांना पुढचा काफिया कळून चुकतो. शायराच्या आधीच अर्धी मैफल तो शब्द उच्चारते आणि एकच दाद उठते. त्या श्रोत्यांनी तो शेर आधी ऐकलेला नसतो. त्यांनी हजारो शेर ऐकलेले असतात, म्हणून पुढे काय येणार याचा अंदाज त्यांना करता येतो. यंत्र हा असाच एक श्रोता आहे. फरक इतकाच की त्याने अब्जावधी वाक्ये ऐकली आहेत. आतापर्यंतच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा तो अंदाज बांधतो, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. यातूनच पत्र तयार होते, भाषांतर होते, प्रश्नाचे उत्तर होते.

आवाज ओळखतानाही असेच घडते. ध्वनीचे बारीक तुकडे होतात आणि ते कुठल्या शब्दाशी जुळतात हे पाहिले जाते. दोन-तीन शब्द सारखेच जुळू लागले, की ज्याची वर्दळ जास्त तो निवडला जातो. मराठीत 'नक्की' लाखो वेळा छापले गेले आहे. अम्मीचा 'नक्को' छापण्याच्या वाटेला फारसा गेलाच नाही. यंत्राने तिच्याशी वैर धरले नव्हते. त्याने जो शब्द पुष्कळदा पाहिला होता, तोच त्याने निवडला.

याचा फायदाही मी रोज पाहतो. माझ्या ओळखीचा एक तरुण चादरी आणि टॉवेल विकतो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चारही भाषा पेठेत ऐकू येतात, तरी लिहिण्याच्या वेळी त्याची पंचाईत व्हायची. परदेशातून इंग्रजीत विचारणा आली की तो कुणा मास्तरांकडे पळायचा. आता फोनवर मराठीत सांगतो आणि दोन मिनिटांत इंग्रजी पत्र तयार होते. मालाचे वजन, धुण्याची पद्धत, पाठवण्याचा खर्च, सगळे नीट लिहिलेले असते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'भाषिणी' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याचा हेतूही हाच, की भाषेमुळे कुणाचे काम अडू नये. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला आजवर पावलोपावली दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत होते. तो मिंधेपणा कमी होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण या नाण्याची दुसरी बाजू माझ्याच घरात आहे. मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री भाषांतरे करत आलो. बँकेचे अर्ज, मिक्सरची माहितीपत्रके, औषधांच्या डबीतले कागद. कविता पोट भरत नाही, या कागदांनी थोडा हातभार लावला. मुलीच्या शिक्षणाची फी त्यातूनच गेली. २०२३ मध्ये काम देणाऱ्या संस्थेचा निरोप आला, की यापुढे भाषांतर यंत्र करील, तुम्ही फक्त तपासून द्या. दर एक तृतीयांश. तपासायला वेळ कमी लागतो असे त्यांचे म्हणणे. कधी कधी ते खरेही असते. पण गुळगुळीत वाक्यात दडलेली चूक शोधायला नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

न्यायालयाजवळ बसून कागदपत्रांची भाषांतरे करणारे माझे एक मित्र आहेत. त्यांनी मला एक नमुना दाखवला. खरेदीखतात 'कन्सिडरेशन' हा शब्द येतो. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ मोबदला. पक्षकाराने फोनवरून करून आणलेल्या भाषांतरात 'पाच लाखांच्या विचारासाठी' असे छापले होते. दुसऱ्या एका कागदात 'लीव्ह ग्रँटेड', म्हणजे न्यायालयाने अपिलाला परवानगी दिली, याचे 'रजा मंजूर' झाले होते. आम्ही दोघे हसलो. मग ते म्हणाले, "हसताय काय? अशा चुका आता कमी होत चालल्या आहेत. पक्षकार म्हणतो, भाषांतर तयार आहे, तुम्ही नुसता शिक्का मारा. म्हणजे चुकले तर पकडायचे मला, आणि पैसे चौथाई."

या एका वाक्यात या विषयाचे मर्म आहे, असे मला वाटते. काम यंत्राचे आणि जबाबदारी माणसाची. यंत्राला सही करता येत नाही. ते दंड भरत नाही, त्याला लाजही वाटत नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी यंत्राकडून निवेदन तयार करून घेतले होते आणि त्यात दाखल्यासाठी दिलेले काही खटले कधी झालेच नव्हते. यंत्राने संभाव्य शब्दांमागून संभाव्य शब्द लिहिले आणि खटल्यांची अगदी खरी वाटणारी नावे तयार झाली. यंत्र खोटे बोलत नव्हते. खोटे बोलण्यासाठी खरे काय ते आधी माहीत असावे लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली आणली. तिथे यंत्राने केलेले भाषांतर माणसे तपासतात, आणि ते पक्षकाराला समजण्यापुरते असून मूळ इंग्रजी निकालच ग्राह्य धरावा, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. मला ही पद्धत योग्य वाटते. तपासणाऱ्याला वेळ आणि मेहनताना पुरेसा दिला, तरच ती टिकेल.

आता मराठीपुरते बोलू. २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. पण यंत्र माणसे मोजत नाही, लिहिलेला मजकूर मोजते. विकिपीडियावर इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीत एक लाखाच्या आसपास. आणखी एक अडचण आपणच करून ठेवली आहे. १९९० नंतरची पुष्कळ वर्षे आपली पुस्तके, मासिके आणि दिवाळी अंक संगणकावर ज्या फॉन्टमध्ये जुळवले गेले, त्यांत पडद्यावर 'क' दिसायचा पण संगणकाच्या पोटी भलतेच इंग्रजी अक्षर असायचे. छपाई सुंदर व्हायची. पण ती फाइल आज उघडली तर यंत्राला नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या काळातली किती तरी मराठी अशीच मुकी पडून आहे. माझे दोन कवितासंग्रहही त्यातच आहेत.

प्रमाण मराठीची ही कथा, तर बोलींचे काय? एकदा मी यंत्राला सांगितले, मराठी मुसलमानाच्या घरातली एक दुपार लिही. त्याने क्षणात लिहिली. त्यात शेरवानी घातलेले अब्बाजान होते, अत्तर होते, बिर्याणीचा घमघमाट होता आणि सगळे जण हिंदी सिनेमातले संवाद बोलत होते. आमच्या घरी दुपारी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. अम्मी दारातल्या भाजीवालीशी मराठीत घासाघीस करते आणि आत वळून माझ्याशी दख्खनीत बोलते. वडील चाळीत साच्यावर काम करायचे आणि रेडिओवर कीर्तन लागले तर ऐकायचे. हे यंत्राला कुठून माहीत असणार? "तुम्ही मुसलमान असून मराठी इतके चांगले कसे बोलता?" हा प्रश्न मला माणसांनीही पुष्कळदा विचारला आहे. यंत्र आपल्याकडूनच शिकले आहे. आपल्या लिहिण्यात जे नाही, ते त्याच्याकडे नाही. आपल्या लिहिण्यात जो गैरसमज आहे, तो मात्र त्याने पाठ केला आहे.

मग करायचे काय? यंत्र वापरू नका, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः वापरतो. पण काही पथ्ये पाळावीत. औषधाची चिठ्ठी, जमिनीचा कागद आणि बँकेचा व्यवहार यांत यंत्राचे भाषांतर समजून घेण्यापुरते ठेवावे, सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावे. फोनवरच्या गोड आवाजाला 'होय' किंवा 'नको' काहीच न म्हणता फोन ठेवून द्यावा. ओळखीच्या माणसाचा आवाजही आता यंत्राला काढता येतो, म्हणून कुणी पैसे मागितले तर आपण स्वतः त्याच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करावी. ज्या कंपन्या यंत्राकडून होकार घेतात, त्यांनी तो होकार पक्का धरण्यापूर्वी माणसाकडून विचारून घ्यावा, असा आग्रह आपण ग्राहक म्हणून धरला पाहिजे.

आणि एक काम लिहित्या-वाचत्या लोकांचे. जुन्या फॉन्टमधली पुस्तके आजच्या युनिकोडमध्ये आणायला हवीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची बोली, त्यांच्या म्हणी, जात्यावरच्या ओव्या, बाजारातले शब्द लिहून ठेवायला हवेत. यंत्रासाठी म्हणून नव्हे, तर आपल्या नातवंडांसाठी. यंत्र ते आपोआप वाचेलच.

मी सुरुवात केली आहे. रोज संध्याकाळी मुलगी वही घेऊन बसते आणि अम्मी एकेक शब्द सांगते. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे 'नक्को'. त्यापुढे मुलीने अर्थ लिहिला आहे, 'नको. अजिबात नको.' अम्मीने तो वाचून घेतला आणि म्हणाली, "हौ, अब बराबर."