स्वस्त कॅमेऱ्याची परीक्षा नाणेघाटात

स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा पारखायचा तर खोक्यावरचे मेगापिक्सेल विसरा आणि जुन्नरहून नाणेघाट गाठा. तिथल्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख कोरलेला आहे, त्याचा फोटो काढून बघा. अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुधा जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवतो, फोटोत दाणे उमटतात आणि ते पुसताना सॉफ्टवेअर दगडाचा पोतही पुसतं. फ्लॅश मारलात तर आणखी पंचाईत! समोरून प्रकाश पडला की कोरीव अक्षरांच्या सावल्याच नाहीशा होतात. त्यापेक्षा कॅमेरा कशावर तरी टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, बाजूने टॉर्च धरा. आयएसओ १०० वर अक्षरांच्या कडा कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ आल्या, तर लेन्स चांगली. डिजिटल झूमचे आकडे मात्र मोजूच नका. त्यात चित्राचा तुकडा कापून नुसता ताणलेला असतो.