बोट सरकवण्याचा हक्क

स्मार्टफोनच्या पेटंटयुद्धाची गोष्ट सांगताना बहुतेक जण २०१० पासून सुरुवात करतात. तिची मुळं मात्र २००६ सालात आहेत. त्या वर्षी दोन मोठे चेक फाडले गेले. मार्चमध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या ‘रिसर्च इन मोशन’ या कॅनडातल्या कंपनीने एनटीपी नावाच्या अमेरिकी कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर मोजले. एनटीपी फोन बनवत नव्हती, ईमेलची सेवाही चालवत नव्हती. तिच्याकडे होती थॉमस कँपाना या अभियंत्याची बिनतारी ईमेलची पेटंटं. ती फेरतपासणीत टिकणार नाहीत अशी चिन्हं खुद्द अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातच दिसू लागली होती. पण तोवर न्यायालयाने ब्लॅकबेरीची सेवा बंद पाडली असती तर धंदाच बसला असता, म्हणून कंपनीने पैसे टाकून सुटका करून घेतली. कँपाना तडजोड बघायला उरले नव्हते. ते २००४ मध्येच वारले.

दुसरा चेक ऑगस्टमधला. ॲपलने सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीला १० कोटी डॉलर दिले. कारण काय, तर आयपॉडवर आधी गायक, मग अल्बम, मग गाणं अशा याद्या उलगडत जाण्याच्या पद्धतीचं पेटंट क्रिएटिव्हने आधीच पदरात पाडून घेतलं होतं. हा घाव ॲपलच्या जिव्हारी लागला. पाचच महिन्यांनी, ९ जानेवारी २००७ ला, स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन दाखवला, तेव्हा त्यातल्या नवलाईसाठी दोनशेहून जास्त पेटंटांचे अर्ज केले आहेत हे त्यांनी व्यासपीठावरून मुद्दाम सांगितलं. फोन अजून दुकानात पोचायचा होता, पण शत्रुपक्षाला नोटीस पोचली होती.

पेटंटामागचा मूळ सौदा सरळ आहे. शोध जगापुढे उघड करा आणि बदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी घ्या. औषधांच्या बाबतीत हा सौदा पटतो, कारण एका रेणूमागे वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात आणि नक्कल करायला मात्र तो सोपा असतो. फोनचं तसं नाही. एका स्मार्टफोनवर अडीच लाख पेटंटांचे दावे लागू शकतात, असं गूगलचे कायदेप्रमुख डेव्हिड ड्रमंड यांनी २०११ मध्ये लिहिलं होतं. गूगल तेव्हा स्वतःच कोंडीत सापडली होती, तेव्हा आकड्याला थोडी फुगवट असणारच. पण त्यातलं एक शून्य खोडलं तरी उरलेली पेटंटं वाचून मग फोन बनवायला बसेल असा अभियंता जगात सापडणार नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये नोकियाने ॲपलवर दावा लावला, मार्च २०१० मध्ये ॲपलने तैवानच्या एचटीसीवर, ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर, आणि मग कोण कुणाला कोर्टात खेचतंय याचे बाणांनी भरलेले नकाशे वर्तमानपत्रं छापू लागली. नोकियाचा दावा या गर्दीत थोडा वेगळा काढावा लागतो. तिच्या पेटंटांमागे मोबाइल जाळं उभारण्याचं खरंखुरं, खर्चिक संशोधन होतं, आणि जून २०११ मध्ये ॲपलने तिच्याशी तडजोड करून पैसे दिले ते रास्तच झालं. बाकीच्या लढायांमध्ये कशावर भांडण चाललं होतं ते जरा जवळून पाहिलं पाहिजे.

एचटीसीचं उदाहरण घ्या. संदेशात आलेला फोन नंबर किंवा पत्ता फोन स्वतःच ओळखतो आणि त्यावर बोट ठेवलं की पुढे काय करायचं ते विचारतो, ही सोय आज कुणाच्या लक्षातही येत नाही. ॲपलने तिच्या पेटंटाचा अर्ज केला होता फेब्रुवारी १९९६ मध्ये, मॅक संगणकासाठी. त्या अर्जात स्मार्टफोनचा विचार असण्याचं कारणच नव्हतं. पण डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने एचटीसीला याच पेटंटाखाली दोषी धरलं आणि आयातबंदी लावली. मे २०१२ मध्ये एचटीसीचे नवे कोरे फोन अमेरिकी कस्टम्समध्ये अडकून पडले. कंपनीने सॉफ्टवेअर बदललं, सोय लंगडी करून टाकली आणि माल सोडवला. गिऱ्हाइकाला त्यातून काय मिळालं? किंचित कमी हुशार फोन.

याच वर्षी सॅन होजेत न्यायाधीश लूसी को यांच्यापुढे ॲपल विरुद्ध सॅमसंग हा सगळ्यात गाजलेला खटला उभा राहिला. दावा एप्रिल २०११ चा. वादातल्या पेटंटांत एक ॲपलचे डिझायनर बास ऑर्डिंग यांचं होतं. यादी सरकवत टोकाला नेली की ती थोडी ताणली जाते आणि रबरासारखी परत उसळते, ही कल्पना त्यांची. टोकाला पोचल्यावर पडदा नुसता थांबला की फोन गोठला असं वाटायचं, म्हणून ही उसळी सुचली. छोटीशी पण खरोखर देखणी कल्पना. दुसऱ्या बाजूने सॅमसंगचा १३२ पानांचा अंतर्गत अहवाल पुराव्यात आला. त्यात गॅलेक्सीचा एकेक पडदा आयफोनच्या पडद्याशेजारी ठेवून आपलं कुठे कमी पडतं आणि काय सुधारायला हवं ते लिहिलेलं होतं. नक्कल झाली यात मला तरी शंका नाही. प्रश्न एवढाच की ती रोखायला सॉफ्टवेअरची पेटंटं लागत होती का.

नऊ जणांच्या ज्यूरीपुढे सातशेच्या वर प्रश्न होते. त्यांनी तीन दिवसही न घेता २४ ऑगस्ट २०१२ ला निकाल दिला: सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई. मग सुरू झाली उतरंड. मार्च २०१३ मध्ये न्यायाधीशांनी ४५ कोटी कापले, नव्या ज्यूरीने काही परत जोडले, २०१५ मध्ये अपिलात आणखी कापले गेले, डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझाइनच्या भरपाईचा हिशेबच एकमताने परत पाठवला. मे २०१८ मध्ये तिसऱ्या ज्यूरीने ५३.९ कोटींचा आकडा ठरवला आणि जूनमध्ये दोघांनी बंद दाराआड मिटवून टाकलं. या शेवटच्या आकड्याची फोड मला सगळ्या खटल्यापेक्षा बोलकी वाटते. ५३.३ कोटी डॉलर होते फोनच्या रूपाचे, म्हणजे गोल कोपरे, सपाट काच आणि पडद्यावरच्या चिन्हांची मांडणी यांच्या डिझाइन पेटंटांचे. सॉफ्टवेअरच्या दोन पेटंटांपोटी मिळाले ५३ लाख. शंभराला एक. नक्कल करणाऱ्याला चाप बसायचा तो डिझाइनच्या कायद्याने बसला. सॉफ्टवेअरची पेटंटं वकिलांच्या बिलात भर घालून गेली.

पेटंटांचे समर्थक एक मुद्दा हमखास मांडतात: वाट अडवली की प्रतिस्पर्धी नवी वाट शोधतो आणि त्यातूनच नवं काही जन्मतं. सॅमसंगने शोधलेली नवी वाट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. उसळी काढून टाकून यादीच्या टोकाला निळसर झळाळी दाखवायची. ती झळाळी कुणाला हवी होती असं वाटत नाही. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हा गूगलनेही झळाळी बाजूला सारून टोकाला पडदा ताणला जाण्याची करामत आणली. दहा वर्षं वळसा घालून गाडी जिथून निघाली तिथेच जवळपास.

खरा पैसा कोर्टाबाहेर फिरत होता. जून २०११ च्या अखेरीस दिवाळखोर नॉर्टेलच्या सुमारे सहा हजार पेटंटांचा लिलाव झाला. गूगलने बोली लावताना गणिती स्थिरांकांचे आकडे वापरले. एक बोली तर पायची होती, ३.१४१५९ अब्ज डॉलर. ही थट्टा महागात पडली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ब्लॅकबेरीवाले, सोनी वगैरेंच्या टोळीने ४५० कोटी डॉलरला सगळा माल उचलला. घाबरलेल्या गूगलने ऑगस्टमध्ये मोटोरोला मोबिलिटी १,२५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, मुख्यतः तिच्या सतरा हजार पेटंटांसाठी, आणि २०१४ मध्ये पेटंटं बहुतांशी स्वतःकडे ठेवून फोनचा धंदा लेनोवोला २९१ कोटींत विकायला काढला. २०११ या एका वर्षात ॲपल आणि गूगल यांनी पेटंटांच्या खरेदीवर आणि खटल्यांवर केलेला खर्च नव्या उत्पादनांच्या संशोधनावरच्या खर्चाहून जास्त होता, असं न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये दाखवून दिलं.

मायक्रोसॉफ्टचं तर निराळंच. तिचा स्वतःचा फोन चालेना, पण बहुतेक अँड्रॉइड फोनांमागे परवाना शुल्क मात्र येत राहिलं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, तसा हा प्रकार: आत काय बनतं, कसं बनतं याच्याशी नाक्याचा संबंध नाही, ट्रक आला की पावती फाडायची. सॅमसंगने एकट्या २०१३ च्या आर्थिक वर्षासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम मायक्रोसॉफ्टला दिली, हे पुढे कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं. माझा सगळा आक्षेप इथे येऊन थांबतो. सॉफ्टवेअरच्या पेटंटांनी स्मार्टफोनची प्रगती रोखली, असं म्हणणं खोटं ठरेल. याच काळात फोन दर वर्षी सुधारत गेले. पण प्रवेशाची किंमत त्यांनी वाढवली. ज्याच्या हाती पेटंटांचा ढीग तो अदलाबदल करून सुटतो, नवखा मात्र रोख मोजतो. बळी तो कान पिळी, हा न्याय नवनिर्मितीच्या नावाखाली चालला.

यातली सगळ्यात विनोदी कहाणी बोट सरकवून फोन उघडण्याची. ॲपलने अर्ज केला डिसेंबर २००५ मध्ये. त्याआधीच स्वीडनच्या निओनोड कंपनीचा एन१एम हा फोन पडद्यावर बोट फिरवून उघडत होता. लंडनच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये ॲपलचं पेटंट अवैध ठरवलं, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०१५ मध्ये तेच केलं. अमेरिकेत मात्र मे २०१४ मध्ये ज्यूरीने याच आणि आणखी काही पेटंटांपोटी सॅमसंगला सुमारे १२ कोटी डॉलरचा दंड केला. (त्याच निकालात ॲपलनेही सॅमसंगचं एक पेटंट मोडल्याचं निघालं, भरपाई १ लाख ५८ हजार ४०० डॉलर.) फेब्रुवारी २०१६ मध्ये अपिलात तीन न्यायाधीशांनी तो निकाल उलटवला आणि ऑक्टोबरमध्ये पूर्ण पीठाने आठ विरुद्ध तीन मतांनी परत उभा केला. पण सप्टेंबर २०१६ मध्येच ॲपलने आयओएस १० आणून बोट सरकवून फोन उघडणं स्वतःच बंद केलं होतं. या भरपाईतला सिंहाचा वाटा, जवळपास ९.९ कोटी, होता एचटीसीला छळलेल्या त्या १९९६ च्या पेटंटाचा, आणि त्याची वीस वर्षांची मुदत त्याच फेब्रुवारीत संपलेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. निओनोडही गप्प बसली नाही: तिच्या पेटंटावर बेतलेला दावा २०२० मध्ये टेक्सासमध्ये ॲपल आणि सॅमसंग दोघांवर लागला.

टेक्सासचं नाव निघालंच आहे तर मार्शल या गावाबद्दल सांगितलं पाहिजे. पेटंटधारकांना अनुकूल ज्यूरी मिळतात अशी ख्याती असल्याने देशभरचे दावे या छोट्या गावात येऊन पडत. सॅमसंगने तिथे न्यायालयासमोरच बर्फावर स्केटिंग करायच्या मैदानाचं प्रायोजकत्व घेतलं होतं. गावकऱ्यांच्या करमणुकीची एवढी काळजी कोरियातल्या कंपनीला का, हे वेगळं सांगायला नको. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा कुठे लावता येईल यावर बंधन आणलं तेव्हा ही जत्रा ओसरली. त्याआधी, जून २०१२ मध्ये, न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी ॲपल आणि मोटोरोला दोघांनाही शिकागोच्या कोर्टातून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. आणि जून २०१४ च्या ॲलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जुनीच अमूर्त कल्पना ‘संगणकावर करा’ एवढं म्हटल्याने पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर कमकुवत पेटंटं धडाधड पडू लागली. ॲपल आणि एचटीसी तर २०१२ च्या नोव्हेंबरातच दहा वर्षांचा करार करून मोकळ्या झाल्या होत्या.

भारतात कायदा निराळा आहे. निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, असं आपल्या कायद्याचं कलम ३(के) सांगतं. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे दार किलकिलं केलं होतं, पण २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती दुरुस्ती गाळली. चांगलं केलं. तरी फोन बनवणाऱ्यांची सुटका झाली नाही. मार्च २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं, मग इंटेक्सला, मग लावाला. डिसेंबर २०१४ मध्ये शाओमीची भारतातली विक्री थांबली आणि काही दिवसांत क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांपुरती परवानगी मिळाली, कारण क्वालकॉमकडे एरिक्सनचा परवाना होता. शाओमीने धडा घेतला. जून २०१६ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टकडून सुमारे दीड हजार पेटंटं विकत घेतली. तिचे फोन त्यामुळे अधिक चांगले झाले असं कुणी म्हणणार नाही. ती फक्त कोर्टात उभी राहायला लायक झाली.

भारतीय कंपन्यांपाशी असा पैसा नव्हता. त्यांची बाजारपेठ गेली ती मात्र पेटंटांपायी नव्हे. स्वस्त फोरजी फोन घेऊन चिनी कंपन्या आल्या आणि आपल्या कंपन्या मागे पडल्या. लावा कोर्टात भांडत राहिली. एरिक्सनची काही पेटंटं बोलण्याचा आवाज कमी माहितीत बसवून पाठवण्याच्या तंत्राची होती. हा तर अल्गोरिदमच, तेव्हा कलम ३(के)खाली पेटंटच देता येत नाही, असा लावाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. तांत्रिक परिणाम साधणारं तंत्र निव्वळ अल्गोरिदम नसतं, हा न्यायालयांचा कल आता पक्का होत चालला आहे. २८ मार्च २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने लावाला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले.