असिमत्स्याची तलवार आणि त्याचा डोळा

मासे हे शीतरक्ताचे प्राणी होत, असे प्राथमिक शाळेत एका वाक्यात सांगितले जाते. बांगडा, सुरमई, रोहू, मरळ अशा परिचयाच्या माशांपुरते ते खरे आहे. त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर कमीजास्त होते. परंतु किनाऱ्यापासून फार दूर, खोल महासागरात राहणाऱ्या एका माशाच्या बाबतीत हे वाक्य अपुरे पडते. आणि ते का अपुरे पडते हे पाहू लागले म्हणजे त्या माशाचे सारे जीवनच उलगडते. हा मासा म्हणजे असिमत्स्य, ज्याला तलवार मासा असेही म्हणतात. उष्ण व समशीतोष्ण कटिबंधांतील सर्व महासागरांत तो आढळतो. आपल्या अरबी समुद्राच्या खोल भागातही आहे.

नाव ऐकताच मुलांचे लक्ष तलवारीकडे जाणार, हे उघड आहे. त्याचा वरचा जबडा पुढे वाढून लांब, चपटे, दोन्ही कडांना धारदार असे पाते बनलेले असते. त्याची लांबी शरीराच्या सुमारे एक तृतीयांश भरते. पुष्कळदा करवत मासा व असिमत्स्य यांची गल्लत केली जाते. करवत मासा हा पाकटाचा नातलग असून उथळ पाण्यात राहतो आणि त्याच्या करवतीला दोन्ही बाजूंनी दाते असतात. प्रौढ असिमत्स्याच्या पात्याला दाते नसतात. इतकेच नव्हे, तर त्याच्या तोंडात दात नसतात व अंगावर खवलेही नसतात.

तो भक्ष्याला भाल्याप्रमाणे भोसकतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः माकूल किंवा माशांच्या थव्यात शिरून तो पाते डावी-उजवीकडे फिरवितो आणि जखमी झालेले भक्ष्य गिळतो. भोसकल्याची उदाहरणे मुळीच नाहीत असे मात्र नाही. १९६७ साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडे सुमारे ६०० मीटर खोलीवर ‘अल्विन’ या संशोधक पाणबुडीवर एका असिमत्स्याने धडक मारली. त्याचे पाते पाणबुडीच्या सांध्यात असे रुतले की पाणबुडी वर आणावी लागली; आणि मासा खलाशांच्या जेवणात गेला!

त्या खोलीवर तो काय करीत होता, हा प्रश्न धडकेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. समुद्रातील असंख्य लहान मासे, माकूल व कोळंबीसारखे जीव सूर्यास्ताच्या सुमारास पृष्ठभागाकडे चढतात आणि पहाटे पुन्हा अंधाऱ्या खोल पाण्यात उतरतात. असिमत्स्य त्यांच्या मागोमाग जातो. रात्री तो पृष्ठभागाजवळ असतो, तर दिवसा ५०० ते ६०० मीटर किंवा त्याहूनही खाली. वरचे पाणी कोमट आणि खालचे अतिशय थंड असल्यामुळे एक-दोन तासांतच पंधरा-वीस अंशांचा फरक त्याला सोसावा लागतो.

थंडीत मेंदू व डोळे मंदावतात. मग अंधारात चपळ माकुलाचा पाठलाग व्हावा कसा? याचे उत्तर फ्रान्सिस केरी या संशोधकाने १९८२ साली प्रसिद्ध केले. असिमत्स्याचा डोळा वर फिरविणाऱ्या स्नायूचा एक भाग आकुंचन पावण्याचे आपले मूळचे काम सोडून केवळ उष्णता निर्माण करतो. जणू मेंदूखाली ठेवलेली ही एक लहानशी शेगडीच होय. मेंदूभोवती मेदाचे वेष्टन असल्यामुळे ती ऊब टिकून राहते. अशा रीतीने मेंदू व डोळे भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उबदार राहू शकतात. उरलेले शरीर मात्र थंडच असते.

या उबेचा उपयोग २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजला गेला. उबदार डोळा हालचालींतील बदल थंड डोळ्याच्या मानाने दहापट अधिक वेगाने टिपू शकतो. वर्गात हे समजावून देण्यास सायकलचे चाक पुरे. चाक सावकाश फिरविले तर आऱ्या वेगवेगळ्या दिसतात; जोराने फिरविले की त्यांचा एक धूसर पट्टा होतो. थंड डोळ्याला पळणारे माकूल तसे धूसर दिसेल, उबदार डोळ्याला ते आरीसारखे स्पष्ट दिसेल. असिमत्स्याचे खरे हत्यार कोणते, हे यावरून मुलेच सांगतील.

महासागरातील इतर शिकाऱ्यांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. मोठ्या जातीचे कुपा मासे पोहण्याच्या स्नायूंतील उष्णता राखून ठेवतात. ओपा नावाचा मासा तर हृदयासह सर्व शरीर उबदार ठेवतो, असे २०१५ साली दिसून आले. तेव्हा ‘बहुतेक मासे शीतरक्ताचे असतात’ असे शिकविणे अधिक बिनचूक ठरेल.

मादी लाखो अंडी उबदार पाण्यात सोडते व ती लाटांवर तरंगत राहतात. त्यांतून निघणारे पिल्लू अवघे चार मिलिमीटरांचे असते. मोठे मासे बहुधा माद्याच असतात, आणि त्यांना अंडी घालण्याजोगे होण्यास काही वर्षे लागतात. ही गोष्ट मासेमारीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सिसिली व इटली यांमधील मेसिना सामुद्रधुनीत प्राचीन काळापासून टेहळ्या उंचावर बसवून, मासा दिसताच भाल्याने मारीत. त्या रीतीत मोठा मासा निवडून टिपला जाई. विसाव्या शतकात अनेक किलोमीटर लांबीच्या दोरीला शेकडो गळ लावून मासेमारी होऊ लागली. गळ लहानमोठे ओळखत नाही. अंडी घालण्यापूर्वीच पिल्ले पकडली गेली आणि उत्तर अटलांटिकमधील साठा घटला. १९९९ साली संबंधित राष्ट्रांनी दहा वर्षांची योजना आखून पकडीवर मर्यादा घातली, आणि २००९ साली हा साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. जेथे टेहळ्या बसत, त्या भूमध्य समुद्रातील साठा मात्र खालावलेलाच राहिला. त्याच्यासाठी २०१७ पासून पंधरा वर्षांची निराळी योजना सुरू करावी लागली.