बंदुकीची नोंद झाली, कानाची राहिली

लोणार सरोवराचा परिसर २००० साली अभयारण्य झाला आणि आसपासच्या शिवारातल्या बंदुकांना एक नवा नियम लागू झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने तीन महिन्यांत नावनोंदणीसाठी अर्ज करायचा. नवा परवानाही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवाचून द्यायचा नाही. त्याआधी १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला वाट ठेवली होती. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान वीस इंच हवी, इतका बारकावा त्याच्या कलम १३ मध्ये आहे. बंदूक मोजली गेली, जनावराचा विचार झाला. पण बार उडतो तेव्हा सर्वांत जवळ असलेल्या कानाबद्दल या दोन्ही कलमांत अक्षर नाही.

दरम्यान महाराष्ट्राची नेमबाजी बहरली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. या दोघांच्या ५० मीटर प्रकारांतली पॉइंट टू टू रायफल बंदुकांमध्ये सौम्यच. तरी तिचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेषा तिथेच मानली जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम खेळाडूंना कान झाकण्याचा आग्रह करतात. बारा बोअरची बंदूक १५० डेसिबलच्याही पुढे जाते. म्हणजे सौम्य बंदुकीपाशी इअरमफ आहे आणि दणदणीत बंदूक घेऊन जागलीला बसलेला शेतकरी उघड्या कानांनी बार उडवतो. हे उलटे आहे.

वर्षाला चार बार उडवून कान कसा जाईल, असे विचारले जाते. कारखान्यातल्या गोंगाटाला हा हिशेब काही अंशी लागू पडतो, तिथे तास मोजतात. बाराचा धक्का मात्र क्षणात आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मोडू शकतो, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे ऐकू येणे घटते. स, श, क पुसट होतात. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे बहुधा तो आधी बिघडतो. कापसाचा बोळा पुरतो, हाही समज खोटा. त्यातून आवाज सहज आत जातो. फोमचा बोळा वळून, कान वर-मागे ओढून खोल बसवला तरच उपयोगी.

रानडुकराची चाहूल लागायला कान मोकळा हवा, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी इअरमफ गळ्यात ठेवून चाप ओढण्याआधी चढवता येतो. बारीक आवाज आत सोडून मोठा दाबणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफही मिळतात. परवाना हाती देतानाच ते कसे लावायचे हे दाखवावे आणि नूतनीकरणाला आलेल्याचे दोन्ही कान तपासावेत.