आधी माशाची ओळख, मग गळ

या पोरांनो, बसा जवळ. परवा आपल्या धाकट्यानं मला विचारलं, "आजोबा, खाडीचं पाणी तेच, धक्का तोच. मग शेजारच्या काकांच्या गळाला मासा लागतो आणि आमच्या गळाचं नुसतं आमिषच कसं जातं?" प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्याच्या उत्तरात चंद्र येतो, तिवराचं झाड येतं आणि उपाशी राहणारा एक बापही येतो.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं. त्या वेळी भाईंदरला घरातून बाहेर पडलं की मिठागरं सुरू व्हायची. एका बांधावर बसून मी गळाला गांडूळ लावला आणि दोरी खाडीत सोडली. दोन तास झाले, दोरी हलली नाही. शेजारी एक म्हातारे कोळी गरवत बसले होते. तरुणपणी उत्तनच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते, म्हणून सगळे त्यांना तांडेलबाबा म्हणत. त्यांनी माझी दोरी वर ओढली. गांडूळ पांढरा पडला होता, लुळा होऊन लोंबत होता.

"पोरा, हा शेतातल्या मातीतला जीव," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यात टिकेल का? काकडीला मीठ लावलं की काय होतं?"

"पाणी सुटतं."

"तेच याचं झालंय. आता मला सांग, तू आलायस कुणाच्या घरी? घर ठाऊक नाही, घरातला माणूस काय खातो ते ठाऊक नाही, आणि ताट वाढून बसलायस."

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. म्हणून आधी घर पाहू.

आपली खाडी म्हणजे उल्हास नदीचं मुख. ही नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापाशी येते. तिथे तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे जातो आणि दुसरा घोडबंदरवरून, भाईंदर आणि नायगावच्या मधून, पाणजू बेटाला वळसा घालून वसईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळतो. नदी वरून गोडं पाणी आणते, समुद्र खालून खारं पाणी आत ढकलतो. पावसाळ्यात गोड्याचा जोर, चैत्र-वैशाखात खाऱ्याचा. रोज चव बदलणाऱ्या या पाण्यात ज्याला जगता येतं, तोच मासा इथला रहिवासी.

घराच्या भिंती आहेत तिवरांच्या. ओहोटीला चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी जी टोकं वर आलेली दिसतात, ती तिवराची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाडानं श्वास घ्यायला मुळंच वर काढली. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. मुळातून शिरलेलं जादा मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. ही पानं गळतात, चिखलात कुजतात. त्या कुजक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबीची पिल्लं पोसतात आणि कोळंबीवर मासे. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून लहान पिल्लांना लपायला जागाही तिथेच. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवनं तोडायला बंदी घातली, ती किती शहाणपणाची होती हे मासे धरणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिवर गेलं की पाळणाघरही गेलं आणि स्वयंपाकघरही.

आता घराचं दार. ते उघडतो चंद्र. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते, दिवसातून दोनदा. पण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. तांडेलबाबांकडे छापील तक्ता नव्हता. त्यांच्याकडे होती तिथी आणि पाऊणकीचा पाढा. "आज पंचमी ना? पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पाणी भरणार. अष्टमीला आठ पाऊण सहा." पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा ठोकताळा आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे, आणि खाडीत आत जावं तसा थोडा उशीरही होतो. पण ज्याला पाढा येतो त्याला दार कधी उघडेल ते कळतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी इतकं ओढतं की शिशाचं वजन लावूनही दोरी जागेवर राहत नाही, आणि पाणी चिखलानं गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी संथ चालतं. आणि कुठल्याही दिवशी नेमकी वेळ कोणती? पाणी वळतं ती. ओहोटी लागली की तिवरांतलं पाणी बारक्या नाळ्यांतून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि चिल्लीपिल्ली मासळी वाहत येते. मोठा मासा नाळीच्या तोंडाशी उभा असतो. त्याला धावावं लागत नाही, जेवण त्याच्याकडे चालत येतं.

घर झालं, दार झालं. आता घरातल्या माणसाच्या, म्हणजे माशाच्या, तोंडाकडे बघा. आमिष निवडायचं ते माशाचं तोंड बघून.

पहिला बोईट. पाण्यातून चांदीच्या सुरीसारखा उड्या मारतो तो. त्याचं तोंड लहान, ओठ पातळ. तो शिकारी नाही. चिखलावरचं शेवाळ आणि गाळ खरवडून खातो, त्याबरोबर वाळूचे कणही गिळतो. त्याच्या जठराचा भाग कोंबडीच्या पेटीसारखा जाड असतो, त्यात ती वाळू जात्याचं काम करते. अशा माशाला कोळंबीचा लठ्ठ तुकडा दाखवून काय उपयोग? त्याला कणकेची हरभऱ्याएवढी गोळी हवी. कणीक पाण्यात विरघळू नये म्हणून मळताना तिच्यात थोडा कापूस मिसळतात. गळ अगदी बारीक, वर बुचाचा तरंग आणि दोरी हातभरच खोल. खरं तर बोईट गळापेक्षा पागात, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्यात, जास्त सापडतो.

दुसरा शिंगाळा. हा तळाशी राहतो. याच्या मिशा बघितल्यात? त्या मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरसुद्धा चव घेणारे कण आहेत. आपण जिभेनं चव घेतो, शिंगाळा अख्ख्या अंगानं घेतो. गढूळ पाण्यात डोळे निकामी झाले तरी त्याचं अडत नाही. म्हणून याला वास हवा: शिळी कोळंबी, बोंबलाचा तुकडा, माशाची आतडी. शिसं लावून दोरी तळाला टेकवायची आणि वाट बघायची. पण सांभाळा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, आणि ते विषारी असतात. काटा रुतला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

याच शिंगाळ्याची नवलाई ऐका. मादीनं अंडी घातली की बाप ती आपल्या तोंडात घेतो. गोटीएवढी मोठी अंडी, आणि तीही अनेक. पिल्लं बाहेर पडून स्वतःची सोय बघेपर्यंत कित्येक आठवडे तो ती तोंडात सांभाळतो, आणि तेवढे दिवस काही खात नाही. खायला तोंड उघडलं तर पिल्लंच पोटात जातील. त्या दिवसांत त्याच्यापुढे कितीही वासाचं आमिष टाका, तो ढुंकून बघणार नाही. गळ टाकणाऱ्याला वाटतं, आज मासा नाही. मासा असतो, पण तो बाप झालेला असतो.

तिसरा खाडीचा राजा. अलिबाग-पेणकडे त्याला जिताडा म्हणतात, मुंबईत खजुरा. हा तिवराच्या मुळांशी, जुन्या खांबांशी, पुलाच्या पायांशी सावलीत उभा राहतो. खांबांवर कालवं बसतात, कालवांपाशी खेकडी-कोळंबी येते, आणि त्यांच्या मागे जिताडा. त्याच्या अंगावर कल्ल्यापासून निघून थेट शेपटीच्या पंखात गेलेली एक रेघ असते. त्या रेघेनं त्याला पाण्यातली थरथर कळते. रात्री बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे तांबूस चमकतात. मेलेलं आमिष याला फारसं रुचत नाही. याला हालचाल हवी.

तांडेलबाबा त्यासाठी जिवंत कोळंबी लावत. मी त्यांच्या मांडीशी बसून बघितलंय. कोळंबी काचेसारखी आरपार दिसते, डोक्याच्या कवचाखाली एक काळा ठिपका असतो. तिथे गळ लागला तर ती लगेच मरते. म्हणून ते शेपटीजवळच्या शेवटच्या पेरातून, वरच्यावर, गळाचं टोक काढत. बोटं ओली, दाब अजिबात नाही. मग दोरी खांबाच्या सावलीत सोडायची. कोळंबी घाबरली की शेपूट आत मारून मागे उसळते. तो एक झटका पाण्यात थरथर उठवतो, आणि ती जिताड्याच्या रेघेला कळते. तो चावायला येत नाही. जवळ येऊन जबडा एकदम उघडतो, त्यानं तोंडात पोकळी होते आणि पाण्यासकट कोळंबी आत ओढली जाते. वर आपल्याला 'भप्प' असा आवाज येतो आणि दोरी बोटातून सुसाट पळते.

एके दिवशी तांडेलबाबांनी माझ्या हातात दोरी दिली. भप्प झालं. मी ओरडतच ओढलं. वितीपेक्षा थोडा मोठा जिताडा वर आला. माझा पहिला मासा! मी तो घरी न्यायला निघालो, तर बाबांनी माझा हात धरला.

"हा अजून बापसुद्धा झाला नाही," ते म्हणाले. "आई कधी होणार?"

मला काही समजलं नाही. पुढे मोठेपणी पुस्तकात वाचलं तेव्हा उलगडा झाला. जिताडा बहुधा नर म्हणून मोठा होतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो पिल्लांचा बाप होऊ शकतो. आणि सहा-सात वर्षांचा झाल्यावर त्याच्या शरीरातच बदल होतो, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले मोठाले जिताडे बहुतेक सगळ्या आया. पावसाळ्याच्या तोंडाला त्या नदीमुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतात आणि पिल्लं भरतीवर स्वार होऊन तिवरांत शिरतात. लहान जिताडा धरला तर एकाच माशात आपण पुढचा बाप आणि त्याच्या पुढची आई, दोघांनाही संपवतो. पुस्तकात हे सापडायच्या कितीतरी आधी बाबांना ते खाडीनं शिकवलं होतं.

म्हणून धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे: ते काका नशीबवान नाहीत. त्यांना घर ठाऊक आहे, दार उघडायची वेळ ठाऊक आहे आणि घरातल्या माशाचं तोंड ठाऊक आहे. आणि या विद्येत निवड येते. जाळ्यात लहानमोठं सगळंच येतं, तिथे निवडायला फार वाव नसतो. गळाला एका वेळी एकच मासा लागतो, आणि ठेवायचा की सोडायचा हे आपल्या हातात असतं. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. सरकार दोन महिने थांबायला सांगतं. बाकीचे दहा महिने थांबायचं कधी ते आपण ठरवायचं.

रविवारी पंचांग बघून तुम्हाला खाडीवर नेईन. एकट्यानं कुणी जायचं नाही, चिखल आणि चढतं पाणी दोन्ही फसवतात. तुटलेली दोरी पाण्यात टाकायची नाही, पाखरांचे पाय तिच्यात अडकतात. आणि लहान मासा लागला तर आधी आपले हात पाण्यात बुडवून ओले करायचे. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्या थरावाचून त्याला रोग लागतो. ओल्या हातानं गळ सोडवायचा, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचं, आणि त्यानं शेपूट मारली की सोडून द्यायचं.